आजोबांचे फेवर ल्यूबा 'सी चीफ' घड्याळ: ओळख कशी पटवावी, किंमत कशी ठरवावी?

आपल्या प्रश्नावरून असे समजते की आजोबांचे सोनेरी मनगटी घड्याळ आपल्याकडे आले आहे, डायलवर 'फेवर ल्यूबा' आणि 'सी चीफ' ही अक्षरे आहेत, रावपुऱ्यातील दुकानदार "सोने नाही" म्हणून पाचशे रुपये देऊ करतो आणि इंटरनेटवर मात्र तशाच घड्याळासाठी चाळीस हजार मागितलेले दिसतात. मीही वडोदऱ्याचाच असून बरीच वर्षे जुनी हातचावीची घड्याळे जमवत आलो आहे. माझ्या मते हे दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत आणि घड्याळाची ओळख पटेपर्यंत त्याचे डायल रंगवून घेऊ नये, केसला पॉलिशही करून घेऊ नये.

फेवर ल्यूबा ही १७३७ पासूनची परंपरा सांगणारी स्विस कंपनी असून १८६५ पासून तिचा भारताशी व्यापार होता. 'सी चीफ' आणि 'सी किंग' ही तिची घड्याळे आपल्याकडे भरपूर विकली गेली, त्यामुळे ती आजही सहज मिळतात. याच कंपनीचे १९६२ चे, उंची मोजणारे 'बिव्हॅक' ही फार वेगळी आणि दुर्मिळ वस्तू आहे. त्याच्या किमतीवरून आपल्या घड्याळाचा अंदाज बांधू नये.

सोन्याबाबत दुकानदाराचे म्हणणे बहुधा बरोबरच असेल. पट्टा अडकवण्याच्या टोकांमागे '२० मायक्रॉन' अशी खूण आणि झाकणावर स्टेनलेस स्टीलचा उल्लेख असेल, तर केसवर फक्त सोन्याचा मुलामा आहे. मात्र अशा घड्याळाची किंमत सराफाच्या तराजूवर ठरतच नाही.

ती ठरते मशीन आणि डायल यांवर. झाकण सुरीने उचकटू नका. मांडवीकडे एखादा जुना घड्याळजी गाठा आणि समोर बसून उघडून घ्या. मशीनच्या पट्टीवर, म्हणजे चक्रे धरून ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, कंपनीचे नाव दिसायला हवे. मशीनचा (म्हणजे त्याच्या प्रकाराचा) क्रमांक पट्टीवर नसेल, तर पुष्कळदा मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चक्राखालच्या तबकडीवर बारीक अक्षरांत सापडतो. १९६२ पासून कंपनीने दोन स्प्रिंगपेट्यांची (चावीची स्प्रिंग ज्यात गुंडाळलेली असते त्या डब्यांची), अगदी पातळ अशी स्वतःची मशीने काढली. आपल्या घड्याळात त्यांपैकी एखादे निघाले, तर ते १९६२ चे किंवा त्यानंतरचे आहे हे तेथेच निश्चित होते. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेले आकडे दिसल्यास ते पुसू देऊ नका, कारण पूर्वीचे घड्याळजी सर्व्हिसिंगची नोंद तशी करून ठेवत आणि त्यात कधी कधी तारीखही मिळते.

सर्वांत अधिक वेळ मात्र डायलला द्या. आपल्याकडे जुनी डायले पुन्हा रंगवून देण्याचा मोठा धंदा आहे आणि बाजारात दिसणारी चकचकीत नारिंगी किंवा निळी 'जुनी' घड्याळे बहुतेक त्यातूनच आलेली असतात. भिंगातून पाहिल्यास मूळ छपाईतील अक्षरांच्या कडा धारदार दिसतात, तर रंगवलेल्या डायलवर त्या फुगीर असतात. मिनिटांच्या रेषा तासांच्या धातूच्या खुणांशी जुळत नाहीत, किंवा सहाच्या खाली 'स्विस मेड' हे शब्द वाकडे पडतात अथवा गायबच असतात. डायलचे पाय, म्हणजे ते मशीनवर बसवणाऱ्या मागच्या बारीक खिळ्या, कापून डायल चिकटवलेले आढळले, तर ते दुसऱ्याच घड्याळाचे समजावे. थोडेसे पिवळलेले, कडेला ठिपके पडलेले, पण मूळचे डायल हे नव्याने रंगवलेल्या डायलपेक्षा जाणत्या ग्राहकाला कितीतरी अधिक मोलाचे वाटते, आणि मलाही ते तसेच वाटते. एकदा रंग चढला की मूळ छपाई परत आणता येत नाही.

किमतीसाठी मागितलेले आकडे पाहू नका. त्याच मशीनचे, त्याच केसचे घड्याळ प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते लिलावांच्या जुन्या नोंदींत शोधा. मूळ डायल, मूळ काटे आणि चालू मशीन असलेले साधे 'सी चीफ' सामान्यतः काही हजारांच्या घरात जाते. तेल सुकलेले असताना चावी देऊन ते चालवत राहिल्यास मशीन झिजते, म्हणून आधी सर्व्हिसिंग करावी आणि त्या वेळी बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

मशीनचा क्रमांक, झाकणाची आतली बाजू आणि डायल यांची स्पष्ट छायाचित्रे येथे टाकल्यास मी अधिक नेमका अंदाज देऊ शकेन.