मंदीत घर घेताय? आधी कराचा हिशेब मांडा

बिल्डर भाव उतरवतोय म्हणून लगेच टोकन देऊ नका. राहत्या घराच्या कर्जावरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत, मुद्दलाला पीएफ, विमा अशा बचतींसह दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत; मुद्रांक शुल्कही त्यातच, पण भरलं त्याच वर्षी.

नवखे अडकतात ते पुण्याजवळच्या वाघोली-हिंजवडीतल्या अर्धवट इमारतीत. बांधकाम चालू असतानाचं व्याज तेव्हा वजा होत नाही. घर पूर्ण झाल्यावर पाच समान हप्त्यांत, त्याच २ लाखांच्या आत. कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत काम पुरं झालं नाही, तर मर्यादा थेट ३० हजार! म्हणून मंदीत पूर्णत्वाचा दाखला मिळालेलाच फ्लॅट बघा. त्यावर जीएसटीही नाही.