कथा-कादंबऱ्या वाचून डॉक्टर-नर्सना कामात खरंच काही फायदा होतो का?

होतो, पण 'वाचलं की माणूस संवेदनशील होतो' इतकं ते सरळ नाही. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकातल्या एका अभ्यासाने तसं सुचवलं होतं. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा तो परिणाम ठामपणे दिसला नाही.

फायदा मला दिसतो तो ऐकण्याच्या सवयीत. टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) ही छोटी कादंबरी घ्या. इव्हानला एवढंच विचारायचं असतं, की माझं दुखणं गंभीर आहे का? डॉक्टर मात्र मूत्रपिंड की आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) या वादात रमलेले. त्याला आराम मिळतो तो गेरासिम या नोकराकडून. तो इव्हानचे पाय स्वतःच्या खांद्यावर धरून तासन्‌तास बसतो आणि त्याच्याशी खोटं बोलत नाही. हे वाचलेल्या डॉक्टरला रिपोर्ट समजावताना 'पेशंटने नेमकं काय विचारलं होतं?' हे एकदा तरी आठवतं.

वाचलेल्या गोष्टीवर सगळ्यांनी मिळून चर्चा केली, तर उपयोग आणखी मोठा. खऱ्या पेशंटबद्दल बोलताना गोपनीयता आड येते, हुद्दाही आड येतो. गोष्टीतल्या डॉक्टरवर मात्र नर्स बिनधास्त चिडू शकते, आणि सर्जनला ते ऐकून घ्यावं लागतं (हे बघायला मजा येते!). डॉ. रीटा शॅरन यांनी कोलंबिया विद्यापीठात 'नॅरेटिव्ह मेडिसिन' (पेशंटची गोष्ट नीट ऐकून-समजून उपचार करण्याची पद्धत) उभं केलं, त्यातही असं गटाने बारकाईने वाचणं मध्यवर्ती आहे.

सुरुवातीला जाडजूड कादंबरी नको. दोन पानांची कथा मोठ्याने वाचा आणि विचारा, 'यात कोणाचं म्हणणं कोणीच ऐकलं नाही?'