शाळा न बुडवता ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला कधी जावं? गर्दी नको आहे.

मुलांची शाळा लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार, अमेरिकेतली सुट्टी) उघडत असेल, तर ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा डोळे झाकून निवडा. फ्लोरिडासह (ऑरलँडो याच राज्यात आहे) अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच सुरू होतात, त्यामुळे तिकडची मुलं वर्गात असतात आणि तुमची सुट्टी अजून शिल्लक असते. २०१८पासून डिस्ने वर्ल्डच्या तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. बुकिंगच्या कॅलेंडरवर दर बघा, स्वस्त दिवस म्हणजे बहुतेक वेळा कमी गर्दीचा दिवस. फक्त उकाडा प्रचंड असतो आणि दुपारी गडगडाटासह पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून सकाळी गेट उघडायच्या आधी पोहोचा, दुपारी मुलांना खोलीवर नेऊन झोपवा, संध्याकाळी पुन्हा या. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो, तेव्हा हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडत असेल, तर हा हिशेब लागू होत नाही. मग जोडून सुट्टी आलेला शनिवार-रविवार धरण्यापेक्षा जानेवारीअखेरीस मधल्या वारी दोन दिवस शाळेतून रीतसर रजा घेतलेली बरी. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळाच, लहान मुलांचे रांगेत फार हाल होतात.