पहिल्यांदा मेथी-कोथिंबीरच लावा
ताई, घरी कुंड्यांत भाजी लावायची म्हणताय तर एकदम टोमॅटो-ढबू मिरचीच्या मागं लागू नका, आधी मेथी आन कोथिंबीर लावा, रोजची पेंडी विकत आणायची थांबली तरी लई झालं की. कुंडीत आपली लाल माती नुसती भरली तर पाणी घालून घालून विटेसारखी घट्ट होते, म्हणून निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आन कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. धने आख्खे टाकू नका, हलकं रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा मग पेरा. मेथी 25-30 दिवसांत काढायला येते, दर आठवड्याला एक कुंडी पेरत राहिलं की खंड पडत नाही. पावसाळ्यात मात्र, बेळगावजवळच्या खानापूरकडं तर पावसाचं विचारूच नका, पालेभाजी कुजते, तेव्हा दोडका मांडवावर चढवा आन कुंडीची भोकं बुजली नाहीत ना बघत जावा. कांदा-बटाटा दुकानातनंच आणा.