दुसरी मोटर अर्जातून वगळू नका

क्लिनोस्टॅटवर (रोपे आसाभोवती सावकाश फिरवत ठेवणाऱ्या उपकरणावर) मुगाची रोपे वाढवण्यासाठी आपण दोन मोटरी मागितल्या आणि ‘एकच उपकरण दोनदा कशासाठी?’ असा शेरा मारून अर्ज परत आला, हे वाचून राहवले नाही. कोल्हापुरात विद्यार्थ्यांकडून हाच प्रयोग करून घेताना अनुदान देणाऱ्या एका कार्यालयाने आमचीही दुसरी मोटर याच शेऱ्यानिशी कापली होती. आडव्या आसावर फिरणाऱ्या रोपांची मुळे वाकडीतिकडी आणि आखूड वाढली. पण तो गुरुत्वाची दिशा सतत बदलल्याचा परिणाम, की मोटरच्या थरथरीचा आणि उष्णतेचा, हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हते. परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दाद मागितली तेव्हा नवा अर्ज आणि नवी दरपत्रके द्या असे उत्तर मिळाले, आणि तोवर आर्थिक वर्ष संपले.

मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहे, अवकाशयंत्रांचा तज्ज्ञ नव्हे. तरीही अवकाशयानात सेंट्रिफ्यूज (फिरून कृत्रिम गुरुत्व निर्माण करणारे यंत्र) नेतात ते याच कारणासाठी, हे ठामपणे सांगतो. उड्डाणाचे हादरे, किरणोत्सर्ग आणि यानातील हवा जमिनीवरच्या संचाच्या वाट्याला येत नाहीत, म्हणून तुलनेचा १ जी (म्हणजे पृथ्वीइतक्या गुरुत्वाचा) संच यानातच फिरवावा लागतो. १९७७ मध्ये कॉसमॉस ९३६ या सोव्हिएत उपग्रहावर उंदरांसाठी तशी सोय होती. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील जपानच्या किबो प्रयोगशाळेत काही उंदीर ३५ दिवस १ जी देणाऱ्या चक्रात, तर काही त्याच यानात भारहीन अवस्थेत ठेवले होते; चक्रातल्या उंदरांच्या हाडांची व स्नायूंची झीज टळली, आणि भारहीन उंदरांतल्या झिजेचे कारण गुरुत्वाचा अभाव हेच होते, असे त्यामुळेच म्हणता आले. याउलट, अवकाश स्थानकासाठी आखलेले २.५ मीटर व्यासाचे सेंट्रिफ्यूज असलेले दालन २००५ मध्ये रद्द झाले, याची हळहळ मला आजही वाटते.

आपल्या प्रयोगात दुसरी मोटर त्याच वेगाने, मात्र उभ्या आसावर फिरवावी. म्हणजे थरथर तीच राहते आणि गुरुत्वाची दिशा बदलत नाही. स्थिर संच तिसरा. रोपे बसवायच्या तबकड्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घ्या आणि त्या एका बाजूला जड नाहीत ना, हे तिथेच फिरवून पाहा. कार्यालये सारखी नसतात, त्यामुळे हमी देत नाही. पण नव्या अर्जात ‘मोटरी २ नग’ असे न लिहिता ‘आडव्या आसाचा प्रायोगिक संच’ आणि ‘उभ्या आसाचा नियंत्रण संच’ अशा दोन स्वतंत्र ओळी घाला व प्रत्येकीपुढे तिचे प्रयोजन लिहा.