सर्कशीतले वाघ-सिंह खुर्चीला खरेच घाबरतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की, एवढा बलाढ्य सिंह एका लाकडी खुर्चीपुढे मागे का सरतो आणि चाबकाचा मार खाऊनच तो शिकतो का. प्राण्यांचे वर्तन हा माझ्या आवडीचा विषय असल्याने सर्कशीच्या पिंजऱ्याकडे मी त्याच नजरेने पाहत आलो आहे, आणि माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अंतरात सापडते, म्हणजे माणूस आणि जनावर यांच्यामध्ये उरलेल्या पावलांत.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर (१९०८–१९९२) यांनी हे अंतर नीट उलगडून दाखवले. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की जनावर दूर सरकते. मागे सरकायला जागा उरली नाही आणि माणूस तरीही पुढे येत राहिला, तर एका क्षणी तेच जनावर उलटून अंगावर येते. रिंगमास्टरचे निम्म्याहून अधिक काम या दोन सीमारेषांवर चालते. सिंहाला स्टुलावर चढवायचे असेल, तर तो सिंहाच्या दिशेने मोजून पावले टाकतो, आणि स्टूल नेमके दोघांच्या मध्ये येईल अशी जागा धरतो. पाठीशी गज लागलेला सिंह गुरगुरत पुढे निघतो, वाटेत स्टूल आल्यामुळे त्यावर पाय ठेवतो, आणि त्याच क्षणी रिंगमास्टर एक पाऊल मागे घेतो. अंगावर येणारे संकट दूर झाल्यामुळे सिंहाचा आवेश ओसरतो आणि तो तिथेच थांबतो. प्रेक्षकांना वाटते की त्याने हुकूम पाळला. हे पुरेशा वेळा घडले की पुढे हाताची खूण आणि एक शब्द पुरतो.

बाकीची साधने याच हिशेबात बसतात. चाबूक म्हणजे लांब केलेला हात होय. त्याचा फटकारा हवेत वाजतो आणि त्याच्या टोकाने दिशा दाखवली जाते. दुसऱ्या हातातली काठी मांसाचा तुकडा टोचून देण्यासाठी असते, म्हणजे बक्षीसही हात न पुढे करता पोहोचते. दोन पायांवर बसायला शिकवताना हाच तुकडा हळूहळू डोक्यावर उंच नेतात, त्यामुळे जनावराचा भार आपोआप मागच्या पायांवर जातो. उडीसाठी दोन स्टुले आधी जवळजवळ ठेवतात, रोज थोडे अंतर वाढवतात आणि मग मध्ये कडे धरतात. पेटते कडे सर्वांत शेवटी येते, तेही आधी कडे विझलेले असताना उडी पक्की झाल्यावरच. प्रत्येक जनावराचे स्टूल ठरलेले असते, आणि आपल्या जागेवर दुसरे कोणी बसलेले त्याला खपत नाही, म्हणून पिंजऱ्यात येण्याचा क्रमही सहसा बदलत नाहीत. पिंजरा गोल असतो तोही याचसाठी, कारण कोपरा असला की कोंडीत सापडणारे जनावर आणि माणूस हे दोघेही धोक्यात येतात.

राहिली खुर्ची. अमेरिकन रिंगमास्टर क्लाइड बीटी (१९०३–१९६५) यांच्यामुळे खुर्ची, चाबूक आणि कमरेला पिस्तूल हे चित्र सर्वत्र रूढ झाले. पिस्तुलात फक्त आवाज करणारी काडतुसे असत. चार पायांकडे एकाच वेळी पाहताना सिंहाचे लक्ष विभागले जाते, असे खुर्चीविषयी नेहमी सांगतात, आणि त्यात तथ्य असावे. मला मात्र साधे कारण अधिक पटते: पंजा मारायला किंवा चावायला काहीतरी माणसाच्या आधी समोर येते आणि तेवढ्या वेळात माणसाला दोन पावले मिळतात. उरलेला भाग नाटकाचा. गुरगुरणाऱ्या सिंहापुढे खुर्ची रोखली की प्रेक्षक श्वास रोखून बसतात, हे बीटींना पक्के ठाऊक होते.

मार आणि उपासमार यांचा इतिहासही खोटा नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रिंगमास्टर आयझॅक व्हॅन अँबर्ग हे जनावरांना मारहाण करून नमवण्यासाठीच कुप्रसिद्ध होते. हॅम्बुर्गचे प्राणी-व्यापारी कार्ल हागेनबेक (१८४४–१९१३) यांनी स्वभाव पारखून जनावरे निवडण्याची आणि बक्षिसाने शिकवण्याची पद्धत रुजवली. तिला सौम्य म्हणतात, पण खेळ संपल्यावर जनावर परत अरुंद गाडीतच जाते, त्यामुळे हे विशेषण मी जपूनच वापरतो.

तुमच्या प्रश्नातील 'घाबरतात का' या भागाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. बाटलीने दूध पाजून हातावर वाढवलेल्या वाघाला माणसापासून दूर सरकण्याची गरजच वाटत नाही. त्यामुळे अंतरावर चालणारी ही सारी युक्ती त्याच्यावर फारशी लागू पडत नाही. लास व्हेगासमध्ये ३ ऑक्टोबर २००३ रोजी वाघांसह जादूचे खेळ करणारे रॉय हॉर्न यांना रंगमंचावर मानेला धरून फरफटत नेणारा पांढरा वाघ त्यांच्या परिचयाचाच होता. त्याने तसे का केले यावर आजही मतभेद आहेत. पण त्या दोघांच्या मध्ये त्या वेळी ना पिंजरा होता, ना स्टूल, ना मोजलेली पावले.