व्हायब्राफोनवर जगभरचं संगीत: पेटी शिकवणाऱ्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की जॅझमधले व्हायब्राफोनवादक क्युबा, आफ्रिका, भारत अशा परंपरा एकत्र आणतात, तेव्हा खरंच काही एकजीव होतं की वरून फोडणी दिल्यासारखं असतं? आणि रागसंगीतावर वाढलेल्या कानाने ऐकायला कुठून सुरुवात करावी?

एकजीव होतं, पण सगळ्यांचं नाही. मी ठाण्यात, नौपाड्यात पेटी शिकवतो. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर जागचे हलत नाहीत, हा आक्षेप मी आयुष्यभर ऐकत आलोय. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्यामागेही हा आक्षेप होता. व्हायब्राफोनची अडचण तीच आहे, म्हणून मला ते वाद्य परकं वाटलं नाही.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पियानोच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या, साधारण तीन सप्तकांच्या. प्रत्येक पट्टीखाली एक नळी, नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी चकती. पायात पेडल, ते दाबलं की सूर लांबतो, सोडलं की थांबतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेलं हे वाद्य. आपल्याकडे बुर्जोर लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी ते हिंदी सिनेगीतांत वाजवलंय, त्यामुळे नाव माहीत नसलं तरी आवाज तुमच्या ओळखीचा असणार. त्या चकतीमुळे सूर लहरतो आणि पुष्कळांना ते आंदोलन वाटतं. तसं नाही. आंदोलनात सूर स्वतः वर-खाली होतो. इथे फक्त आवाज लहान-मोठा होतो, सूर जागेवरच असतो. पट्टीवर कडक काठी घासून सूर किंचित उतरवता येतो, पण त्याला मींड म्हणवत नाही.

म्हणजे दरबारी रागातला झुलणारा गंधार या वाद्यावर शोधू नये. ज्यांनी हे ओळखलं त्यांचंच मिश्रण टिकलं, असं मला वाटतं.

माझ्या दृष्टीने यात सर्वांत मोठा माणूस इथिओपियाचा व्हायब्राफोनवादक मुलातू अस्तात्के. जन्म १९४३चा. घरच्यांनी इंजिनिअर व्हायला वेल्सला पाठवलं आणि हा संगीताकडे वळला. लंडन, बॉस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय, न्यूयॉर्क असं करत अदिस अबाबाला परतला. १९७२चा ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ हा त्याचा अल्बम. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते वाशीहून ठाण्याला येणाऱ्या लोकलमध्ये, एका विद्यार्थिनीच्या फोनवर. ऐरोली गेलं, मी फोन परत दिलाच नाही. घरी येऊन पेटी उघडली आणि त्या संगीतामागच्या स्वरसमूहांच्या मागे लागलो.

इथिओपियात या पाच स्वरांच्या समूहांना ‘किन्येत’ म्हणतात. त्यांतला ‘तिझिता’ शुद्ध स्वरांत घेतला की सा रे ग प ध. भूप राग! ‘अंबासेल’ घेतला तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे आपल्या गुणकली रागाचे स्वर. त्या रात्री मला खूप आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मात्र लक्षात आलं की स्वर भूपाचे असले तरी भूप कुठेच नाही. यात आपल्याला नवल वाटायला नको. भूप आणि देसकार या रागांचे स्वर तेच, पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत. चलन, म्हणजे स्वरांची चाल, बदललं की राग बदलला. तिझिता हे त्यांचं तिसरं भावंड, लांबच्या देशात वाढलेलं. त्या शब्दाचा अर्थच आठवण, गेलेल्या दिवसांची ओढ.

मुलातूचं मोठेपण इथे आहे. पाच स्वरांच्या सुरावटीखाली पाश्चात्त्य कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, भरभरून घातले तर तिचा रंग पुसला जातो. पेटीवर साथ करताना भरणा जास्त झाला की गायकाचा राग बुडतो, तसंच. तो कॉर्ड बेताने घालतो. सुरावट वर तरंगत राहते आणि खाली लॅटिन अमेरिकेचा ताल चालतो.

क्युबाच्या बाजूने ऐकायचं तर अमेरिकन व्हायब्राफोनवादक कॅल जेडर. मूळचा ड्रमवादक, त्यामुळे मोंगो सांतामारिया आणि विली बोबो यांच्यासारख्या तालवादकांसोबत वाजवताना तो त्यांच्या लयीत जाऊन बसतो.

भारताशी जोडणारा धागा एमिल रिचर्ड्सचा. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये सतारवादक हरिहर राव आणि ट्रम्पेटवादक डॉन एलिस यांच्या ‘हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट’मध्ये तो व्हायब्राफोन वाजवत असे. आपल्या संगीतातलं या वाद्याला सर्वांत सहज घेता येईल ते म्हणजे लयकारी, लयीशी केलेला खेळ, असं माझं ठाम मत आहे. आघाताचं वाद्य आहे. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), विषम मात्रांचं आवर्तन त्यावर स्वच्छ उमटतं. उलट ज्या ध्वनिमुद्रणांत जॅझ आहे तसंच ठेवून खाली तबला चिकटवलेला असतो, तिथे मी दोन मिनिटांत उठतो. तबल्याने काय म्हटलं, याला वरचा वादक उत्तरच देत नाही.

सुरुवात मुलातूपासून करा. पहिल्यांदा ऐकताना सा सापडत नाही, माझंही तेच झालं. तेव्हा व्हायब्राफोन सोडा आणि बेस गिटार पुन्हा पुन्हा ज्या खालच्या सुरावर येऊन थांबते तो गुणगुणत राहा. तो सा धरला की वरची सुरावट आपोआप उलगडते. मग पेटी असेल तर तेच पाच स्वर तिच्यावर वाजवून बघा, गंधारावर न थांबता.